दुनळीचा अभिमान आणि दुनळीची निगा

विंचूर हे नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील गाव आमच्या वाचकांस दोन कारणांनी परिचित असावे. पानिपतच्या १७६१ च्या संग्रामात लढून परतलेले सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या घराण्याचे हे ठाणे. आणि याच घराण्याच्या पुण्यातील वाड्यात १८९४ साली लोकमान्यांनी सार्वजनिक गणपती बसविला. अशा सरदारी गावांचे नाव निघाले की शस्त्रांची गोष्ट निघते, आणि शस्त्रांची गोष्ट निघाली की दिवाणखान्यातील दुनळी बंदुकीकडे बोट दाखवून कोणीतरी पूर्वजांच्या पराक्रमाचे आख्यान लावतो. या आख्यानाविषयी आम्हांस आज दोन शब्द स्पष्ट बोलावयाचे आहेत.

पहिली गोष्ट ही की, मागून काडतूस भरावयाची दुनळी पानिपतावर असणे शक्यच नाही. तेथे तोड्याच्या आणि चकमकीच्या, तोंडाकडून ठासावयाच्या बंदुका होत्या. काडतुसाची दुनळी इंग्लंडात रूढ झाली ती १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनानंतर. आणि घोडे आत दडविलेली, पेटीसारख्या चापाची जी रचना पुढे जगभर पसरली, ती वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातील अॅन्सन व डीली यांनी १८७५ साली सिद्ध केली. तेव्हा ही बंदूक आमच्याकडे आली ती स्वराज्याबरोबर नव्हे, पारतंत्र्यात आली. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य रयतेच्या हातातील हत्यार परवान्याने बांधले, आणि सरकार ज्यांस विश्वासू समजे त्यांच्या भिंतीवर दुनळी शोभू लागली. हे कटू आहे. परंतु खरा संग्राहक तोच, जो आपल्या वस्तूचे खरे वय आणि खरे कूळ सांगावयास भीत नाही.

आणि ते कूळ वस्तूच सांगते! नळ्या उतरवून त्यांच्या खालची बाजू पाहावी. लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे शिक्के तेथे सापडतात. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड अशा कारखान्यांच्या वह्यांत बंदुकीच्या क्रमांकापुढे मूळ गिऱ्हाइकाचे नाव लिहिलेले असते. एवढा पुरावा हाताशी असता आम्ही काय करतो? सणासुदीला कोणा लोहाराकडून नळ्या घासून चकचकीत करवितो! त्या घासण्यात शिक्के जातात, कोरीव काम बुजते, आणि लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून केलेल्या दमास्कस नळीवरील ती पाण्याच्या लहरींसारखी नक्षी कायमची नाहीशी होते. यास निगा म्हणावयाचे, तर पोथीची अक्षरे धुऊन कागद पांढरा करणाऱ्यासही ग्रंथरक्षक म्हणावे लागेल.

निगेचा मार्ग साधा आहे. काळ्या दारूची काजळी हवेतील ओल शोषते आणि नळी आतून खाते, म्हणून ती पुसून काढावी. पावसाळ्यात वरचेवर पाहणी करावी. बोटांच्या घामाचा डागही गंजाचे बीज होय. हात लावल्यावर तेलाचे फडके फिरवावे. अक्रोडाच्या दस्त्यास जवसाच्या तेलाचा हलका हात पुरे. बंदूक नळीचे तोंड खाली करून ठेवावी, म्हणजे तेल दस्त्यात उतरून लाकूड कुजत नाही. आणि केवळ काळ्या दारूसाठी पारखलेल्या जुन्या नळीत आधुनिक काडतूस कधीही घालू नये. तिच्या फुटण्याने धन्याचा हातच जावयाचा.

आता सरकारास एक प्रश्न. शंभर वर्षांच्या ऐतिहासिक वस्तूस पुरावस्तू मानणारा कायदा १९७२ चा. १९५९ चा शस्त्रकायदा मात्र जुन्या बंदुकीस मोकळे सोडतो ते एकाच अटीवर, की ती दुरुस्त करूनही उडता कामा नये! म्हणजे ज्याने आजोबांची बंदूक सडू दिली तो सुटला, आणि ज्याने पोटच्या पोरासारखी जपली त्याची ती हत्यारांच्या मोजदादीत आली. त्यातच २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसास तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारसाहक्कासही तीच मर्यादा आहे. तिसरी ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाची. तेथे तिच्यावर तेलाचे फडके कोण फिरविणार?

कोणी म्हणेल, बंदूक ही जीव घेणारी वस्तू. ती वितळवली तर काय बिघडले? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बांध घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ मिटविली, हे उत्तमच झाले. दुनळीने आमच्या रानांतील किती जीव संपविले, याचीही साक्ष तीच दुनळी देईल. परंतु साक्षीदारास वितळवून न्याय होत नसतो. बंदूक उडू नये एवढीच समाजाची गरज असेल, तर जाणत्या कारागिराकडून ती शास्त्रशुद्ध रीतीने निकामी करावी, तिचे शिक्के, क्रमांक आणि घराण्याची हकीकत नोंदवावी, आणि ती सार्वजनिक संग्रहालयात ठेवावी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रे लोक पाहतातच; जिल्ह्याजिल्ह्यांतून तशी सोय का नसावी?

कायदा बदलेल तेव्हा बदलो. ज्यांच्या घरी अशी परवान्याची दुनळी आहे, त्यांनी निदान लोहाराला निरोप पाठवू नये, आणि तिची खरी हकीकत, अभिमानाची तशीच लाजेचीही, कागदावर उतरवून ठेवावी. गंजलेले लोखंड एक वेळ वाचविता येते. गंजलेल्या इतिहासाला कोणतेच तेल लागू पडत नाही.