टोपी काढा, डॉक्टरांना दाखवा!

मित्रांनो, आपल्या होस्टेलमध्ये केटीच्या खालोखाल कशाची चर्चा होत असेल, तर ती केस गळण्याची! आरोपी ठरलेले: टाकीचं पाणी, मेसचं जेवण आणि एम-थ्रीचं टेन्शन. शनिवारी गिरीजला घरी जावं, तर तिथे वाडीतल्या विहिरीच्या पाण्यावर हाच खटला चालू! डोक्यावर रुपयाएवढी चकती दिसली की आमची आजी "चाई लागली" म्हणून मोकळी होते आणि शेजारच्या काकू कांद्याचा रस सुचवतात.

माझं म्हणणं एवढंच की, मशीन बंद पडलं तर आपण आधी फॉल्ट शोधतो, मग पार्ट बदलतो. डोक्याच्या बाबतीत मात्र निदान शून्य आणि उपाय शंभर!

दिवसाला ५० ते १०० केस गळणं नॉर्मल आहे. त्यापुढचा प्रकार ओळखायला हवा. डॉक्टर ज्याला 'अलोपेशिया' म्हणतात ते एकाच आजाराचं नाव नाही. कपाळावरून केस मागे सरकत जातात ते बहुधा आनुवंशिक टक्कल. त्यात पुरुषी हार्मोनच्या परिणामाने केसांची मुळं हळूहळू बारीक होत जातात. टायफॉइड, डेंग्यूसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी झुपक्याने केस जातात, ते बहुतेकदा सहा महिन्यांत आपोआप थांबतं. खाज, खपल्या असतील तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. तो मात्र कंगव्या-टॉवेलातून पसरतो. आणि गोल, गुळगुळीत चकती पडते ती चाई, म्हणजे 'अलोपेशिया एरिआटा'. यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर हल्ला करते. ही चाई कोणाकडून कोणाला लागत नाही!

हे जोर देऊन सांगतो, कारण आमच्या विंगमधल्या एकाला चाई पडली तेव्हा रूममेटने खाट लांब सरकवली आणि बाकीच्यांनी टोपणनाव ठेवलं. कॅम्पस इंटरव्ह्यूला टोपी घालून कसं बसायचं, म्हणून तो गेलाच नाही. वर्षभरात केस परत आले, ती कंपनी काही परत आली नाही.

निदान किती महत्त्वाचं असतं हे बुलढाण्याने दाखवलं. डिसेंबर २०२४च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांना काही दिवसांतच टक्कल पडू लागलं. आधी पाण्यावर आणि बुरशीवर संशय गेला. जानेवारी २०२५मध्ये आयसीएमआरचं पथक आलं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतः तपास केला; रुग्णांच्या शरीरात सेलेनियम जास्त आणि जस्त कमी आढळलं. रेशनच्या गव्हातून हे सेलेनियम आलं, असा त्यांचा निष्कर्ष. आता सांगा, तिथे तेल चोपडून काय झालं असतं?

त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला घाबरू नका. ते आधी विचारपूस करतात, केस हलकेच ओढून बघतात, भिंगासारख्या डर्मोस्कोपने टाळू तपासतात. गरज पडली तर हिमोग्लोबिन, लोह, थायरॉइडची रक्ततपासणी आणि क्वचित बायोप्सी. आनुवंशिक टकलावर मिनॉक्सिडिल लावतात, पण फरक दिसायला चार-सहा महिने लागतात. फिनास्टेराइडची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच! चाईच्या छोट्या चकत्यांत स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब या औषधाला अमेरिकेत २०२२मध्ये मान्यता मिळाली. तापानंतरच्या गळतीत बहुधा धीर आणि नीट जेवण हेच औषध.

एक गंमत लक्षात ठेवा. चाईची छोटी चकती बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप भरून येते. श्रेय मात्र कांद्याला मिळतं! म्हणून मित्राला बरं वाटलं ते औषध आपल्यालाही चालेल, हा हिशेब चुकीचा.

वॉर्डन सरांना एक विनंती आहे. होस्टेलच्या आरोग्य तपासणीत वर्षातून एकदा तरी त्वचारोगतज्ज्ञांना बोलवा. आणि दोस्तांनो, कोणाच्या डोक्यावर चकती दिसली तर त्याला टोपणनाव देऊ नका, दवाखान्यात सोबत द्या. ओपीडीच्या रांगेत एकट्याने बसणं फार जड जातं.