पडक्या वाड्याचें भाडें

नाशिकच्या एका भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. सराफ बाजारानजीकचा त्यांच्या सासऱ्यांचा जुना वाडा वाटणींत यजमानांकडे आला. यजमान पुढील वर्षीं सेवानिवृत्त होतील. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हातीं येतांच वाड्याची दुरुस्ती करावी, खोल्या भाड्यानें द्याव्या आणि त्या उत्पन्नावर उतारवय निश्चिंतपणें घालवावें, असा उभयतांचा बेत आहे. तळमजल्यावर साठ वर्षांचें जुनें एक बिऱ्हाड आहे. तेथें आतां एक वृद्ध बाई एकट्याच राहतात व महिना ८० रुपये भाडें देतात. ‘दोन पावसाळे थांबा, भिंत आपोआप बसेल आणि जागाहि मोकळी होईल,’ असा सल्ला आप्तांनीं दिला असून तो मनास पटत नाहीं, असें पत्राच्या शेवटीं त्या लिहितात. आम्हांस हें शेवटचें वाक्यच सर्वांत महत्त्वाचें वाटलें, म्हणून उत्तराचा आरंभ तेथूनच करतों.

हा सल्ला माणुसकीस सोडून आहे, हें भगिनींस सांगावयास नकोच. पण तो कायद्याच्या दृष्टीनेंहि फसवा आहे. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वयें घर राहण्याजोगें ठेवण्याचें दायित्व घरमालकावर आहे. शिवाय इमारत पाडली गेल्यानें भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिलेला आहे. म्हणजे भिंत पडावी, एखाद्याच्या जिवावर बेतावें, आणि जागा तरीहि मोकळी होऊं नये, असा हा व्यवहार!

८० रुपयांचा आंकडा पाहून मालकाचें मन कडवट होतें, हें आम्ही जाणतों. त्यामागें इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजींचें भाडें, अथवा जागा त्यानंतर प्रथम दिली असल्यास त्या वेळचें भाडें, हेंच प्रमाण धरलें. महायुद्धानंतरच्या टंचाईंत भाडेकरूस आधार देणें न्याय्यच होतें. परंतु गवंड्याची मजुरी आणि सागवानाचा दर कांहीं कायद्यासाठीं थांबून राहिले नाहींत. मालकानें दुरुस्ती सोडली, भाडेकरूनें परक्याचें घर म्हणून हात लावला नाहीं, आणि दोघांच्या मध्यें वाडा खचत गेला. ३१ मार्च २००० पासून अमलांत आलेल्या नव्या कायद्यानें दरसाल ४ टक्के वाढीची मुभा दिली. मालक दुरुस्ती करीत नसल्यास भाडेकरूनें नोटीस देऊन ती स्वतः करावी व खर्च भाड्यांतून वळता करावा, अशीहि सोय आहे. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंतच. येथें वर्षाचें भाडें ९६० रुपये, त्याची चौथाई २४०. तेवढ्यांत सुताराचा एक दिवसहि निघणार नाहीं. तेव्हां बाईंच्या डोक्यावरचें छप्पर मालकानेंच राखलें पाहिजे.

आतां दुरुस्तीकडे वळूं. जुन्या वाड्याचा भार बहुधा लांकडी खांब व तुळया यांवर असतो. माती-विटांच्या भिंती पुष्कळशा मधल्या भरावासारख्या असतात. म्हणून खांबांचे बुंधे आणि तुळयांचीं भिंतींत गेलेलीं टोंकें प्रथम तपासावीं. ओल आणि वाळवी यांचें काम तेथेंच गुपचूप चालतें. त्यानंतर छप्पर, मग सांडपाण्याचा निचरा, आणि रंगरंगोटी अगदीं शेवटीं. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करूं नये. आंतील ओल कोंडते आणि लगतचें लांकूड कुजतें. अशा भिंतीस चुन्याचाच गिलावा मानवतो. ३० वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत संरचना-अभियंत्याकडून करून घेणें कायद्यानेंहि आवश्यक आहे.

नाशकांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती गोदामाई. दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पूर मोजण्याची नाशिककरांची जुनी रीत आहे. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांचे पूर गांवानें पाहिले आहेत. सरासरी २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेनें व १०० वर्षांतून एकदां येणाऱ्याची लाल रेषेनें दाखवितात. आपला वाडा या रेषांच्या आंत आहे कीं बाहेर, हें महापालिकेंत पाहिल्याशिवाय एक रुपयाहि खर्चूं नये. निळ्या रेषेच्या आंत नवें बांधकाम होऊं शकत नाहीं. मिळकत पत्रिकेवर सर्व वारसांचीं नांवें उलगडलीं आहेत ना, हेंहि त्याच वेळीं पाहावें.

हिशेब असा मांडावा. आंकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. दुरुस्तीस १५ लाख लागले, तीन बिऱ्हाडांचें मिळून महिना १५,००० रुपये भाडें आलें, तर वर्षाचे १,८०,००० होतात. एक महिना जागा रिकामी राहील असें धरून १५,००० वजा करावे. कर, विमा व दरसालची डागडुजी यांस ४५,००० काढावे. उरले १,२०,०००, म्हणजे शेंकडा ८. पण जुन्या घराच्या भिंती उघडल्यावर अंदाज वाढतोच. तोच खर्च २० लाखांवर गेला, तर उत्पन्न शेंकडा ६ राहतें, आणि बँकेच्या मुदतठेवीस छप्पर गळण्याची भीति नसते. म्हणून संपूर्ण निधि वाड्यांत घालूं नये. प्रथम सांगाडा व छप्पर सुधारून एकच बिऱ्हाड द्यावें. त्या अनुभवावरून पुढील पाऊल टाकावें. नव्या बिऱ्हाडाशीं करार लेखी व नोंदणीकृत असावा. त्या नोंदणीची जबाबदारी कायद्यानें मालकावरच टाकली आहे.

आणि त्या वृद्ध बाईंचें काय? कामास आरंभ त्यांच्याच खोलीपासून करावा. कांहीं दिवस त्यांस दुसरीकडे राहावें लागल्यास जागा परत देण्याची हमी लिहून द्यावी, म्हणजे त्या निर्धास्तपणें दार उघडतील. तळमजल्याचा खांब सुधारला कीं वरच्या नव्या बिऱ्हाडाचाहि भार त्यावरच उभा राहणार आहे. तेव्हां हा खर्च केवळ धर्मादाय नव्हे. आप्तांचा सल्ला मनास पटला नाहीं, हें भगिनींनीं यजमानांस मोकळेपणें सांगावें. वाड्याच्या या विचारांत तेवढें एक काम त्यांचें स्वतःचें आहे.

पुढील अंकीं भाडेकराराच्या मसुद्यांत कोणतीं कलमें असावीं, हें पाहूं.