वस्ती सुधारते, वाढावा कोणाचा?

जुनी वस्ती कात टाकू लागली की तेथे घर घेऊन ठेवणे हा पैसा वाढविण्याचा खात्रीचा मार्ग होय, असा सल्ला मध्यमवर्गाला सर्रास दिला जातो. लालबाग, परळ, वरळी, नायगाव या गिरणगावच्या मुलखात तो गेल्या तीन दशकांत अनेकांना फळलाही आहे. तेव्हा सल्ला खोटा आहे असे म्हणण्यात अर्थ नाही. प्रश्न निराळा आहे. ही मूल्यवृद्धी निर्माण कोण करतो आणि ती पडते कोणाच्या पदरात?

अर्थशास्त्रात हा प्रश्न जुना आहे. रिकार्डोने १८१७ साली खंडाची उपपत्ती मांडली, तेव्हाच जमिनीचा खंड हे मालकाच्या श्रमाचे फळ नव्हे हे स्पष्ट झाले होते. मालकाने काहीही न करता जमिनीच्या किमतीत जी वाढ होते, तिच्यावर समाजाचा हक्क पोहोचतो, असे पुढे जॉन स्टुअर्ट मिलने प्रतिपादन केले. शहरातील जमिनीला तर हा विचार अधिकच लागू पडतो.

एकच उदाहरण घ्यावे. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ साली लोअर परळ येथील मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७ एकर जमीन लिलावात ७०२ कोटी रुपयांस विकली. २०१२ साली, एकही बिऱ्हाड तेथे राहावयास येण्यापूर्वी, तीच जमीन सुमारे २,७०० कोटी रुपयांस दुसऱ्या बांधकाम कंपनीकडे गेली. मूळ रकमेवर दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याज धरले, तरी सात वर्षांत तिचे सुमारे १,५५० कोटी होतात. म्हणजे भांडवलाचा मोबदला घसघशीत धरूनही ११०० कोटींहून अधिक रक्कम उरते. त्यातून परवाने वगैरेंचा खर्च वजा केला, तरी बाकी लहान नव्हे. घामाच्या एका थेंबावाचून ती आली कोठून?

ती आली रेल्वेच्या स्थानकांतून, महापालिकेच्या पाण्यातून, सार्वजनिक पैशाने बांधलेल्या पुलांतून आणि चटईक्षेत्राच्या सरकारी नियमांतून. ती आली शंभर वर्षे त्या परिसरात राबलेल्या माणसांमुळे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या थंडावल्या, आणि जमीन मात्र तापली. तथापि या वाढाव्यातील पुरेसा हिस्सा त्या परिसराकडे परत आला नाही. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, हजारो नोकरदार येऊ लागले, आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा पादचारी पूल होता तेवढाच अरुंद राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी त्यावर चेंगराचेंगरी होऊन किमान २३ माणसे मेली.

हे सारे अटळ होते असे मात्र नाही. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीची वाटणी ढोबळमानाने तीन हिश्श्यांत ठरली होती. एक हिस्सा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला मिळावयाचा होता. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि सार्वजनिक हिस्से आक्रसले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयात याविरुद्ध निकाल लागला. परंतु २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. परिणाम समोर आहे. घरांसाठी दीड लाखांहून अधिक गिरणी कामगारांनी व वारसांनी अर्ज केले. मुंबईत आजवर मिळालेली घरे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरतात. इतरांपुढे शेलू-वांगणीचा पर्याय ठेवण्यात आला, म्हणून जुलै २०२५मध्ये म्हाताऱ्या कामगारांना पुन्हा आझाद मैदान गाठावे लागले.

येथे प्रतिपक्षाचा एक मुद्दा मान्य केला पाहिजे. १९४७च्या कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेना. मालकांनी चाळींकडे पाठ फिरविली आणि पागडीचा काळा व्यवहार फोफावला. १९६९च्या कायद्याने उपकर व दुरुस्ती मंडळ आले, तरी पडझड थांबली नाही. गळक्या छपराखाली, सामाईक संडासाच्या रांगेत जगणाऱ्या कुटुंबाला पुनर्विकास नको असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. भाडेकरूचे रक्षण करणाऱ्या चळवळीने इमारतीचे रक्षण कोणाच्या पैशाने व्हावे याचे उत्तर दिले नाही. ती पोकळी बांधकाम व्यावसायिकाने भरून काढली.

त्याचप्रमाणे, हप्ते फेडून म्हातारपणाची सोय म्हणून एक घर घेणारा कारकून वा शिक्षक हा या व्यवस्थेचा शत्रू नव्हे. निवृत्तिवेतनाची शाश्वती नसलेला माणूस भिंतींत पैसा ठेवतो, यात नवल नाही. शत्रुत्व आहे ते घराला केवळ तिजोरी मानणाऱ्या भांडवलाशी. २०११च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी आढळली. ज्या शहरात लाखो माणसे झोपड्यांत राहतात, तेथे इतकी घरे कुलूपबंद असणे हे निव्वळ बाजाराचे अपयश नसून धोरणाचे फळ आहे.

दुसरा मार्ग शक्य आहे काय? बीडीडी चाळींचा अनुभव उद्बोधक आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ही कुटुंबे ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. सार्वजनिक यंत्रणा हे काम अंगावर घेऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु खरी परीक्षा पुढे आहे. उंच इमारतीतील उद्वाहन, पाण्याचे पंप, पहारा यांचा मासिक खर्च पेलला नाही, तर फुकट मिळालेले घर विकून बदलापूर-विरारची वाट धरावी लागते. मग गुंतवणूकदार हाकलून देत नाही. तो केवळ वाट पाहतो.

दिंडोशीत मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेने नागरी कमाल जमीनधारणा कायद्याखालील जमिनीवर सुमारे सहा हजार घरे उभी केली. तो कायदा राज्याने २००७ साली रद्द केला, आणि तसली जमीन मिळण्याची वाटच बंद झाली. व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने १९२३ साली घरबांधणी कर लावला, चैनीच्या घरांवर त्याचा दर चढता ठेवला आणि १९३४पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली. ही घरे तिने विकली नाहीत, भाड्याने दिली. आजही त्या शहरातील निम्म्याच्या आसपास लोक नगरपालिकेच्या वा अनुदानित घरांत राहतात.

म्हणून ज्या वस्तीत पुनर्विकासाची सभा भरेल, तेथे कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न लावून धरावेत. विक्रीच्या मजल्यांतून होणाऱ्या नफ्याचा किती हिस्सा त्याच वस्तीच्या शाळा, दवाखाना, पूल व रस्त्यांकडे परत येणार? जुन्या रहिवाशांचा देखभाल खर्च भागविणारा निधी किती वर्षे पुरेल आणि त्याचा हिशेब कोणाच्या हाती राहील? आणि सरकारी जमीन असेल, तर ती विकावयाची की सार्वजनिक मालकीची ठेवून भाड्याची घरे बांधावयाची? याच्या जोडीला जमिनीच्या हस्तांतरणावर मूल्यवृद्धी कर आणि वर्षानुवर्षे कुलूपबंद ठेवलेल्या घरांवर जादा कर, या दोन मागण्या विधिमंडळापर्यंत न्याव्या लागतील. करारावर सह्या होण्यापूर्वी हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. सह्या झाल्यावर उरतो तो केवळ किल्ल्या वाटण्याचा समारंभ.