पडद्यामागे : चेहरा एकीचा, आवाज दुसरीचा

 

या वेळी आम्ही भुताखेतांच्या विलायती सिनेमांबद्दल लिहिणार आहोत. घाबरू नका. आपल्या कोकणातल्या हडळी आणि मुंजे ज्यांनी लहानपणी ऐकले आहेत, त्यांना या विलायती भुतांचं काही विशेष वाटायचं नाही. आणि खरं सांगायचं तर आज आम्हाला भुतांबद्दल बोलायचंच नाही. बोलायचं आहे ते त्या सिनेमांत काम करणाऱ्या बायकांबद्दल आणि त्यांच्या आवाजाबद्दल.

लंडनपासून फार लांब नाही, थेम्स नदीच्या काठी ब्रे नावाचं गाव आहे. तिथे एका जुन्या वाड्यात हॅमर नावाच्या कंपनीने १९५१ साली आपलं बिऱ्हाड थाटलं. पैसे बेताचे. एका सिनेमासाठी उभारलेला जिना, दिवाणखाना रंग बदलून पुढच्या सिनेमात वापरायचे. १९५७ साली त्यांनी फ्रँकेन्स्टाइनची गोष्ट रंगीत करून दाखवली आणि १९५८ साली ड्रॅक्युला आणला, म्हणजे माणसांचं रक्त पिणारा सरदार. सिनेमे जगभर धो धो चालले. पीटर कुशिंग आणि क्रिस्टोफर ली या दोन नटांची नावं तर घरोघरी पोचली. नट्यांचं मात्र तसं झालं नाही. जाहिरातीच्या कागदावर चित्र त्यांचंच मोठं असायचं, पण नाव किती जणांच्या लक्षात राहिलं?

आता एक गोष्ट ऐका. ती आपल्या अंगणातलीच आहे म्हणा ना!

१९६४ साली हॅमरची माणसं इस्राएलात आली होती. ‘शी’ नावाच्या सिनेमासाठी त्यांना वाळवंट हवं होतं, ते त्यांना नेगेवमध्ये मिळालं. आपली किती तरी कुटुंबं पुढे ज्या बेअर शेवा, दिमोना, येरुहामच्या बाजूला राहिली, तोच हा मुलूख. सिनेमाची गोष्टही १९१८ सालच्या पॅलेस्टाईनपासून सुरू होते. पुढे दूर वाळवंटात लपलेल्या एका नगरीत आयेशा नावाची राणी भेटते. ती दोन हजार वर्षं तरुण राहिलेली असते, आणि तिचा शब्द कोणी मोडायचा नाही, असा तिथे दरारा असतो.

राणीचं काम केलं अर्सुला अँड्रेस या स्विस नटीने. दिसायला देखणी, चालणं राणीसारखं. पण इंग्रजी बोलताना तिची जर्मन धाटणी लपत नसे. म्हणून सिनेमा तयार करताना तिचा आवाज काढून टाकला आणि दुसऱ्या बाईचा आवाज घातला. गंमत बघा, जिची आज्ञा सगळ्यांनी पाळायची, त्या राणीच्या तोंडून आज्ञा देत होती भलतीच बाई! आणि त्या बाईचं नाव पडद्यावर कुठेही आलं नाही.

त्या बाईंचं नाव निकी व्हॅन डर झिल.

निकीबाईंचा जन्म १९३५ सालचा, बर्लिन शहरातला. वडील वेर्नर व्हॅन डर झिल हे रब्बी. हिटलरच्या राज्यात यहुद्यांचं जिणं मुश्कील झालं तेव्हा, १९३९ साली, हे कुटुंब इंग्लंडला आलं. म्हणजे इंग्रजी ही काही निकीबाईंची पाळण्यातली भाषा नव्हे. जर्मन बोलणारी चार वर्षांची पोर परक्या देशात आली आणि तिथली बोली तिने अशी उचलली की मोठेपणी इंग्रजी सिनेमावाले दुसऱ्यांच्या तोंडी घालायला तिचाच आवाज मागू लागले. तिचे वडील पुढे १९५६ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या लिओ बेक कॉलेजच्या संस्थापकांपैकी एक. तिथे रब्बी शिकून तयार होतात.

१९६२ साली जेम्स बाँडचा पहिला सिनेमा ‘डॉक्टर नो’ आला. त्यात समुद्रातून बाहेर येणारी अर्सुला अँड्रेस पुष्कळांना आठवत असेल. तिथेही बोलणं निकीबाईंचंच, आणि त्याच सिनेमातल्या आणखीही बायकांना त्यांनीच आवाज दिला. मग १९६६ साली हॅमरचा ‘वन मिलियन इयर्स बी.सी.’ आला. त्यात रॅकेल वेल्श आहे आणि रे हॅरीहाउझन या कारागिराने एकेक चित्र घेऊन हलवलेले डायनासोर आहेत. (मुलांनो, डायनासोर आणि माणसं कधी एकत्र राहिली नाहीत बरं का! डायनासोर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच संपले. सिनेमावाल्यांना ते कोण सांगणार?) त्या सिनेमात माणसं धड कुठली भाषाच बोलत नाहीत, नुसते हुंकार आणि चार-दोन शब्द. तरी तेवढ्यासाठीही निकीबाईंना बोलावलं होतं.

हे काम कसं चालायचं ते मुलांना सांगतो. फिल्मचा छोटासा तुकडा घ्यायचा आणि त्याची दोन टोकं जोडून गोल माळ करायची. मग तोच प्रसंग पडद्यावर पुन्हा पुन्हा येत राहतो. अंधाऱ्या खोलीत माइकपुढे उभं राहायचं, पडद्यावरच्या बाईच्या ओठांकडे बघायचं आणि ते हलतील तसं बरोबर बोलायचं. ओठ मिटले की आवाज थांबला पाहिजे. नुसतं वाचून दाखवून भागत नाही. ती पळत असेल तर इथे उभ्या-उभ्या धाप लागली पाहिजे, ती रडत असेल तर रडू आलं पाहिजे. म्हणजे अभिनयच की हो, फक्त तोंड न दाखवता केलेला.

आपल्या साव्ता म्हणतील, “यात नवल ते काय? आपल्याकडे गाणी अशीच व्हायची.” अगदी बरोबर. १९४९ सालचा ‘महल’ आठवतो? तोही भुताटकीचाच सिनेमा. झोपाळ्यावर मधुबाला, आणि गळा आपल्या लता मंगेशकरांचा. त्या गाण्याच्या पहिल्या तबकडीवर गाणारीचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. कामिनी म्हणजे सिनेमातल्या बाईचं नाव! लोकांनी रेडिओकडे पत्रांवर पत्रं पाठवून विचारलं की ही गाते कोण, तेव्हा लताबाईंचं नाव पुढे आलं. ऐकणाऱ्यांनी विचारलं म्हणून नाव मिळालं. निकीबाईंच्या बाबतीत असं पत्र लिहायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण तिथे गाणं नव्हतं, साधं बोलणं होतं. लोकांना वाटलं, ज्याचे ओठ हलतात त्याचाच आवाज.

आता दुसरी बाजू बघू. जिचा आवाज काढून टाकला, तिला काय वाटत असेल?

इन्ग्रिड पिट यांचं नाव हॅमरच्या सिनेमांत फार मोठं. जन्म १९३७ सालचा, पोलंडमधला, आई यहुदी. त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की लहानपणी आईसोबत त्यांना नाझींच्या श्टुटहोफ छावणीत डांबलं होतं. त्या छावणीत काय चालायचं ते मोठ्या माणसांना वेगळं सांगायला नको. मुलांना एवढंच सांगतो की तिथून जिवंत बाहेर येणं हेच मोठं होतं. युद्धानंतर त्या पूर्व बर्लिनमध्ये नाटकात शिरल्या, तिथून पश्चिमेला निसटल्या, एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं. पिट हे आडनाव त्याचंच. १९६८ साली ‘व्हेअर ईगल्स डेअर’ मध्ये रिचर्ड बर्टन आणि क्लिंट ईस्टवूड यांच्याबरोबर त्या दिसल्या. १९७० साली हॅमरने त्यांना ‘द व्हॅम्पायर लव्हर्स’ मध्ये मुख्य काम दिलं. ड्रॅक्युलाच्याही आधी लिहिलेली ही कार्मिला नावाच्या रक्तपिपासू बाईची गोष्ट. त्यात इन्ग्रिडबाई आपल्याच आवाजात, आपल्याच धाटणीत बोलल्या. लोकांना ते फार आवडलं. दूर देशातून आलेली गूढ बाई अशीच बोलणार, नाही का?

पुढच्याच वर्षी, १९७१ साली, ‘काउंटेस ड्रॅक्युला’ आला. जुन्या काळच्या हंगेरीतल्या एका सरदारणीची गोष्ट. म्हातारी असताना आणि पुन्हा तरुण झाल्यावर, दोन्ही रूपं इन्ग्रिडबाईंनीच वठवली. मेहनत घेतली. आणि सिनेमा पडद्यावर आला तेव्हा त्यात त्यांचा आवाज नव्हता! दुसऱ्या बाईचं साफसूफ इंग्रजी त्यांच्या तोंडी बसवलं होतं. गोष्ट हंगेरीची, दिग्दर्शकही हंगेरीत जन्मलेला, आणि पूर्व युरोपातल्या बाईची बोलीच तेवढी नको झाली. इन्ग्रिडबाईंना हे मनापासून लागलं आणि त्या ते विसरल्या नाहीत.

इथे आम्ही थोडं थांबतो. छावणीतून वाचलेल्या बाईला खोट्या रक्ताची आणि खोट्या सुळ्यांची भीती वाटणार नाहीच. पण आपलं बोलणं कुणी पुसून टाकलं तर ते बोचतं. भाषा मोडकी असेल, धाटणी परकी असेल, पण त्यातच माणूस कुठून आला, कुठून कुठून फिरला, हे सगळं साठलेलं असतं.

आणि ही नुसती परक्या बायकांचीच गत होती असं नाही. बार्बारा शेली या तर लंडनच्याच. १९६० च्या दशकात भयपटांची पहिली नायिका म्हणून त्यांच्याकडे बघत. १९६६ सालच्या ‘ड्रॅक्युला : प्रिन्स ऑफ डार्कनेस’ मध्ये त्यांनी किंकाळी फोडली आहे, ती मुळात त्यांची नव्हेच. ती दिली त्याच सिनेमातल्या सूझन फार्मर या सहकारी नटीने. आहे की नाही गंमत? १९६७ साली ‘क्वाटरमास अँड द पिट’ मध्ये मात्र बार्बाराबाईंना वेगळं काम मिळालं. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी खणताना एक जुनं अंतराळयान सापडतं, आणि त्यातलं कोडं सोडवणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये ही बाई बरोबरीने उभी आहे. पुढे त्यांनी रॉयल शेक्सपिअर कंपनीत नाटकं केली. किंकाळीपलीकडे त्यांच्याजवळ पुष्कळ काही होतं.

१९७० च्या दशकात हॅमरचा बहर ओसरला. बायकांनी आपापली वाट धरली. इन्ग्रिडबाईंनी पुस्तकं लिहिली, चाहत्यांना भेटत राहिल्या, आणि २०१० साली ७३ व्या वर्षी त्या गेल्या. निकीबाई कायदा शिकून बॅरिस्टर झाल्या. ज्या बाईने दुसऱ्यांच्या तोंडून आयुष्यभर बोलावं, तिने पुढे कोर्टाचं शिक्षण घ्यावं, हे आम्हाला फार आवडलं. २०१३ साली त्यांनी आपली हकीकत पुस्तकात लिहिली, म्हणजे आवाज कोणाचा होता ते स्वतःच्या नावाने सांगितलं. २०२१ च्या जानेवारीत बार्बाराबाई वारल्या आणि मार्चमध्ये निकीबाई.

आता मुलांनो, जरा जवळ या. हे डबिंग आपल्या घरातही चालतं, माहीत आहे? साव्ता कुपत खोलिममध्ये जातात. डॉक्टर हिब्रूत विचारतो, “कुठे दुखतं?” साव्ता तोंड उघडतात, एक शब्द हिब्रू, एक मराठी. तेवढ्यात तुम्ही भराभर सगळं सांगून मोकळे होता. तुमची हिब्रू चांगली, डॉक्टरला घाई. काम होतं, आणि तुमची मदतही खरी. पण साव्तांचे ओठ हलले आणि आवाज तुमचा आला. असं वर्षानुवर्षं चाललं की त्या मग बोलायचंच सोडतात. दुकानात, बँकेत, शेजाऱ्यांशीसुद्धा. “तूच सांग बाबा,” म्हणतात.

पुढच्या खेपेला एवढंच करा. आधी साव्तांना बोलू द्या. अडल्या तर तेवढाच एक शब्द पुरवा. त्यांची हिब्रू अलिबागच्या वळणाची असली तर असू द्या, डॉक्टरला कळते. आणि साव्ता, तुम्हालाही आमची विनंती : दुखतं कुठे ते तुम्हालाच ठाऊक, तेव्हा ते तुम्हीच सांगा.

आता मुलांसाठी नेहमीचे तीन प्रश्न. एक : ‘शी’ सिनेमासाठी वाळवंट कुठलं घेतलं? दोन : ‘महल’च्या पहिल्या तबकडीवर गाणारीचं नाव काय छापलं होतं? तीन : सिनेमा संपल्यावर जी नावांची यादी सरकत जाते, ती या आठवड्यात एकदा शेवटपर्यंत बघा आणि तुमच्या आवडत्या कार्टूनला हिब्रूत आवाज कोणी दिला, ते नाव लिहून पाठवा. तिसऱ्याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं येईल. आलेली सगळी नावं आम्ही पुढच्या अंकात छापू.

तोपर्यंत सर्वांना शालोम, आणि प्रकृतीची काळजी घ्या.