राजाच्या हाती कोणती किल्ली?

चार माणसे चहाला जमली आणि बोलणे राजकारणाकडे वळले, की अर्ध्या तासाच्या आत कोणीतरी म्हणतोच, 'या देशाला एक चांगला राजा पाहिजे.' काही जण राजाऐवजी हुकूमशहा म्हणतात. गंमत अशी, की हाच गृहस्थ सोसायटीच्या सेक्रेटरीने एकट्याच्या सहीने चेक काढला, तर वार्षिक सभेत सर्वांत आधी उभा राहतो. तीस बिऱ्हाडांच्या पाण्याच्या टाकीसाठी ज्याला दोन सह्या लागतात, त्याला देशासाठी एकच सही कशी पुरते?

एका कादंबरीच्या निमित्ताने या कोड्याशी माझी गाठ पडली. कादंबरीला एक काल्पनिक राज्य हवे होते. डोंगर, नदी, राजवाडा, राजवाड्यातला आळशी हत्ती हे सगळे एका दिवसात झाले. मग राज्यघटना. 'राज्यात एक राजा असेल' हे पहिले कलम झोकात लिहिले आणि दुसऱ्या कलमाशी लेखणी अडली. या राजाने करायचे काय?

आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत गेल्यामुळे मला उत्तर सुचले तेही बँकेतलेच. तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक अधिकाऱ्याकडे, दुसरी हेडकॅशियरकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही आणि आपली किल्ली दुसऱ्याच्या हाती पाच मिनिटेसुद्धा द्यायची नाही, असा दंडक. दोघेही बहुधा प्रामाणिकच असत. दंडक केलेला होता तो घाईच्या दिवसासाठी. बाहेर रांग लागली आहे, एकाला ताप आहे आणि 'जरा किल्ली देता का' असे म्हणणे अगदी साहजिक आहे, अशा दिवसासाठी.

राजाकडे ही दुसरी किल्ली द्यावी. एकट्याने त्याला काही उघडता येऊ नये, पण त्याच्यावाचून प्रधानालाही उघडता येऊ नये. ब्रिटनपासून नॉर्वेपर्यंतच्या आजच्या राजेशाह्या साधारण याच बेताच्या आहेत. तिथला राजा सही करतो. सहसा करतोच. म्हणून घटनेची खरी परीक्षा होते ती तो 'नाही' म्हणेल त्या दिवशी.

असे दोन दिवस मला फार विचार करण्यासारखे वाटतात. पहिला इटलीतला, २८ ऑक्टोबर १९२२चा. मुसोलिनीचे काळे डगलेवाले रोमच्या रोखाने निघाले होते. पंतप्रधान लुइजी फाक्ता यांनी लष्करी कायदा पुकारण्याचा हुकूम तयार करून राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याच्यापुढे ठेवला. राजाने सही नाकारली आणि मुसोलिनीलाच सरकार बनवायला बोलावले. पुढची वीसेक वर्षे इटलीने काय भोगले ते सर्वांना ठाऊक आहे. १९४६च्या जूनमध्ये जनतेने मतदान करून राजेशाहीच मोडीत काढली.

दुसरा दिवस बेल्जियममधला, एप्रिल १९९०चा. गर्भपाताला मुभा देणारा कायदा संसदेने संमत केला. राजा बोदुआँ धर्मश्रद्ध कॅथलिक. सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून त्याने सही करायला नकार दिला. मात्र संसदेचा निर्णय आपल्यामुळे अडू नये, यावर तोड काढा, असेही त्याने पंतप्रधानांना कळवले. तोड निघाली ती अशी, की ४ एप्रिलला मंत्रिमंडळाने राजा 'राज्य करण्यास असमर्थ' असल्याचे जाहीर केले, त्याच्या जागी मंत्र्यांनीच कायद्यावर सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी संसदेने त्याला पुन्हा गादीवर बसवले. पाहुण्यांसमोर खायचे नाही म्हणून आजोबांना तेवढा वेळ आतल्या खोलीत बसवावे, तसा हा प्रकार! कोणी हसले, कोणी चिडले. पण तिथली तिजोरी उघडली आणि राजाचे मनही राहिले.

आपल्याकडे राजा नाही, किल्ली मात्र आहे. ती राष्ट्रपतींच्या हाती असते. २५ जून १९७५च्या रात्री पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. आधी दार उघडायचे आणि मग रजिस्टर लिहायचे, अशातला हा प्रकार. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने यावर इलाज केला. आता असा निर्णय मंत्रिमंडळाने घेतल्याचे राष्ट्रपतींना लेखी कळवावे लागते, आणि एरवीही मंत्रिमंडळाचा सल्ला फेरविचारासाठी एकदा परत पाठवता येतो. तोच सल्ला पुन्हा आला, तर मात्र तो मानावा लागतो. माझ्या राज्याचे दुसरे कलम मी इथूनच उचलले. भर एवढीच घातली, की राजाने परत पाठवताना दिलेली कारणे प्रत्येक गावच्या चावडीवर लावावीत.

मग राजा जन्माने कशाला, निवडूनच आणा की, असे तुम्ही म्हणाल. जन्माचा एक फायदा आहे. गादी कोणत्याही पक्षाने दिलेली नसते, त्यामुळे राजा कोणाचा मिंधा नसतो. तोटा म्हणजे मुलगा कसा निघेल हे कोणी सांगावे! मलेशियाने यावर मजेशीर उपाय योजला आहे. नऊ घराण्यांचे नऊ राज्यकर्ते आपल्यातल्या एकाला पाच वर्षांसाठी देशाचा राजा निवडतात. भूतानच्या २००८च्या घटनेत राजाला पासष्टाव्या वर्षी गादी सोडावी लागते. निवृत्तीचे वय असलेला राजा! मी ते कलम लगेच उतरवून घेतले. साठ की पासष्ट एवढाच वाद माझ्याच मनात चालू आहे.

हे सगळे परदेशातले वाटत असेल, तर सातारा जिल्ह्यातल्या औंधाची आठवण द्यायला हवी. बहात्तर गावांचे हे संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते. किर्लोस्करवाडीला माळरान दिले तेही त्यांनीच. १९३८मध्ये त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हवाली करायचे जाहीर केले. मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांनी खटपट केली, सेवाग्रामला जाऊन गांधीजींचा सल्ला घेतला आणि जानेवारी १९३९मध्ये औंधाची स्वराज्याची घटना अमलात आली. गावाने पाच पंच निवडायचे, पंचायतींतून तालुका समित्या, त्यांतून विधिमंडळ. सत्ता खालून वर जाणार होती आणि राजा सगळ्यात शेवटी.

मला यात नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. इटलीच्या राजापुढे फौज उभी होती, बेल्जियमच्या राजापुढे संसद. औंधच्या राजापुढे तसे कोणीही नव्हते. गादी शाबूत होती, वर इंग्रजांचे छत्र होते, शेजारची संस्थाने आपापल्या दरबारात निवांत होती. कोणी न मागता त्याने किल्ल्यांचा जुडगा काढून ठेवला आणि घेणारे शेतकरी होते. त्यांतल्या पुष्कळांना सहीऐवजी अंगठाच करावा लागे.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतल्या इतर संस्थानांबरोबर औंधही मुंबई प्रांतात विलीन झाले. त्या दिवशी शेजारच्या राजांनी आपापली सत्ता सोडली. औंधच्या राजाकडे सोडण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. संपली ती गावांची घटना. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या त्या त्यानंतर चौदा वर्षांनी, १ मे १९६२ला.