केवड्याच्या नोंदीत मीलन-प्रकार हवाच

बाजरीवरील केवड्याच्या चाचण्यांचे जे अहवाल आमच्या वाचनात येतात, त्यांत आयसोलेट कुठल्या शेतातून आणले आणि कोणत्या वाणावर किती टक्के रोग आला, हे नेटके मांडलेले असते. त्या आयसोलेटचा मीलन-प्रकार कोणता आणि त्याने पानात ऊस्पोअर धरले का, हे मात्र क्वचितच सापडते. प्रतिकारक वाण अवघ्या काही हंगामांत का ढासळतात, याचे उत्तर शोधणाऱ्यांना एवढी मोठी उणीव परवडणारी नाही.

केवड्याचा रोगकारक स्क्लेरोस्पोरा ग्रॅमिनिकोला हेटरोथॅलिक, म्हणजे संकरासाठी विरुद्ध मीलन-प्रकाराचा जोडीदार लागणारा, असल्याचे मिशेलमोर, पवार आणि विल्यम्स यांनी १९८२ मध्येच दाखवून दिले. एकाच झूस्पोअरपासून वाढवलेले आयसोलेट सहसा एकटे ऊस्पोअर देत नाही. विरुद्ध प्रकाराचे आयसोलेट त्याच रोपात शिरले की पानाच्या शिरांमधला भाग ऊस्पोअरांनी भरून जातो. काही आयसोलेट होमोथॅलिकही आढळली आहेत. त्यांना जोडीदार लागत नाही. म्हणजे रोपांवर सारखाच रोग पाडणारी दोन आयसोलेट पुढच्या हंगामासाठी जमिनीत काय सोडून जातील, याबाबत अगदी वेगळी असू शकतात.

हा फरक शेतात फार मोठा ठरतो. दमट रात्री पानाच्या खालच्या बाजूला धरणारी पांढरी बुरशी, म्हणजे स्पोरँजिया, काही तासांतच मरतात. जाड भिंतीचा ऊस्पोअर मात्र फाटलेल्या पानांबरोबर मातीत पडून काही वर्षे जिवंत राहतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट जनुकांची. हा जीव द्विगुणित आहे. त्यामुळे विषाक्ततेचे अप्रभावी जनुक एकेरी असेल, तर ते झाकलेले राहते आणि अलैंगिक पिढ्यांमागून पिढ्या गेल्या तरी बहुधा दिसत नाही. लैंगिक संकरातून त्याच्या दोन प्रती एकत्र आल्या की कालचा प्रतिकारक वाण बळी पडतो. ऊस्पोअर जिथे भरपूर धरतात, तिथे असे नवे मेळ पुन्हा पुन्हा तयार होतात.

आपण याची किंमत मोजलेली आहे. १९६५ मध्ये एचबी-१ हा संकरित वाण आला आणि टिफ्ट २३ए या एकाच नरवंध्य वाणावर उभी राहिलेली संकरित बाजरी झपाट्याने पसरली. १९७०-७१ मध्ये देशाचे उत्पादन सुमारे ८० लाख टनांवर पोहोचले आणि लगेच केवड्याने एचबी-३ हा संकरित वाण झोडपून काढला. एकसारख्या पिकाचा दोष तेव्हा सर्वांनी ओळखला, आणि तो खराच होता. रोगकारकाच्या बाजूची विविधता कशी निर्माण होते, याचा विचार मात्र त्या मानाने कमी झाला.

हरितगृहात आपण आयसोलेट रोगग्राही रोपांवर, स्पोरँजियांच्याच आधारे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतो. कृत्रिम माध्यमावर हा रोगकारक वाढतच नाही. जालन्याचे आयसोलेट असे सांभाळले, तर ते तसेच राहते, आणि चाचणीसाठी तेच हवे. सिक प्लॉटमधल्या, म्हणजे चाचणीसाठी मुद्दाम रोगट केलेल्या वाफ्यातल्या, मातीत मात्र अनेक संकरांची संतती मिसळलेली असते. दोन ठिकाणचे निष्कर्ष जुळले नाहीत, की आपण हवामानाकडे बोट दाखवतो. ते कारण कधी खरे असेलही, पण मीलन-प्रकार तपासल्याशिवाय लैंगिक संकराचे कारण नाकारता येत नाही.

येत्या खरिपात अहिल्यानगर, बीड, जालना, नाशिक, धुळे भागांतून नमुने घेताना एकाच झाडावर थांबू नये. एका शेतातल्या अनेक झाडांची पाने वेगवेगळी ठेवावीत. प्रत्येकातून एका झूस्पोअरचे आयसोलेट काढून ते मॅट-१ आणि मॅट-२ या दोन मीलन-प्रकारांच्या ज्ञात आयसोलेटबरोबर रोगग्राही रोपावर जोडून पाहावे, शिवाय एकटेही वाढवावे. होमोथॅलिक आयसोलेट त्याशिवाय ओळखू येणार नाही. पान पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली ऊस्पोअर नुसते आहेत की नाहीत एवढेच न लिहिता किती दाट आहेत, तेही लिहावे. ऊस्पोअर धरणे वाणावर आणि तापमानावरही अवलंबून असते, म्हणून दोन्हींची नोंद सोबत हवी.

आणि एक कळकळीची विनंती. तीव्र रोग पडावा म्हणून दूरदूरच्या जिल्ह्यांतील रोगट पाने एकाच सिक प्लॉटमध्ये गाडू नका. जे मीलन-प्रकार एरवी भेटले नसते, त्यांना आपणच शेजारी आणून ठेवतो.