मुख्याध्यापकाची खुर्ची : निवड आपली, पात्रता नियमाची

ज्ञानपंचमीला घरोघरी ग्रंथांची पूजा होते. समाजाने गावोगावी शाळा काढल्या त्या याच श्रद्धेपोटी. परंतु शाळेचे मुख्याध्यापक निवृत्तीला आले की विश्वस्तांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. अमक्या शेठजींच्या सूनबाई एम.कॉम. आहेत, हिशेबात चोख आणि स्वभावाने शांत आहेत. शाळा समाजाची, तर त्यांनाच मुख्याध्यापिका का नेमू नये?

प्रश्नामागील हेतू चांगला असतो. उत्तर मात्र नियमांत शोधावे लागते. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आणि त्याखालील नियमावली १९८१ ची. तिच्यानुसार माध्यमिक शाळेचा प्रमुख पदवीधर असावा, त्याच्याजवळ बी.एड. किंवा शासनमान्य समकक्ष पदवी असावी आणि पदवीनंतर किमान पाच वर्षे पूर्णवेळ अध्यापन केलेले असावे. त्यांतील निदान दोन वर्षे बी.एड. नंतरची हवीत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले. म्हणजे ज्याने अद्याप अध्यापनास प्रारंभ केलेला नाही, अशा पदवीधराने हा मार्ग धरल्यास साधारण सात वर्षे लागतात.

येथे कोणी म्हणेल, ‘आपण तर अल्पसंख्याक!’ २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले, हे खरे. १९७७ च्या कायद्यातील कलम ३ अल्पसंख्याक शाळेच्या प्रमुखाची भरती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवते, हेही खरे. इतर शाळांना पात्र शिक्षकांतील सेवाज्येष्ठाचाच विचार करावा लागतो; ते बंधन अशा शाळेवर नाही. मुख्याध्यापक निवडण्याचा अधिकार हा अल्पसंख्याकांच्या व्यवस्थापनहक्काचा महत्त्वाचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये एन. अम्मद प्रकरणात सांगितले. तथापि २००२ च्या टी. एम. ए. पै प्रकरणात त्याच न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, शिक्षक व प्राचार्य यांची किमान पात्रता आणि अनुभव शासनाला ठरविता येतो. तात्पर्य, सवलत निवडीची आहे. पात्रतेला फाटा देण्याची नव्हे.

व्यापारी घराण्यांना हे वेगळे सांगावयास नको. पेढीवर मुलगा आला की त्याला पहिल्याच दिवशी गल्ल्यावर बसवीत नाहीत. आधी तो माल ओळखतो, गिऱ्हाईक ओळखतो, उधारी-वसुली शिकतो. किल्ल्या नंतर येतात. शाळेचा माल म्हणजे मुलांचे घडते मन. वर्गात कधी उभा न राहिलेला प्रमुख शिक्षकाच्या पाठाचे निरीक्षण कोणत्या आधारावर करणार? अनुदानित शाळेत नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते, हा हिशेब तर निराळाच. मान्यता अडली की वेतन अडते आणि बोल संस्थेला लागतो.

कर्मवीर भाऊराव पाटील याच समाजातले. त्यांचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोचले नाही. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९३५ मध्ये साताऱ्यास शिक्षक घडविणारे सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज काढले. शाळा काढण्यास तळमळ पुरते, शिकविण्यास मात्र प्रशिक्षण लागते, हा भेद त्यांनी नेमका जाणला होता.

मग सूनबाईंनी काय करावे? मन असेल तर बी.एड. करून प्रथम वर्गात उभे राहावे. पुढे शालेय प्रशासनाचा अभ्यास वाढवावयाचा असल्यास दोन वर्षांचे एम.एड. आहे, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा शालेय व्यवस्थापन पदविका अभ्यासक्रम आहे, इग्नूची शैक्षणिक व्यवस्थापन व प्रशासनातील पदव्युत्तर पदविकाही आहे. मात्र या पदविका बी.एड. आणि अध्यापनानुभव यांची जागा घेत नाहीत. त्या त्यांवरचा कळस होत. आणि वर्गाची ओढ नसेल, तर संस्थेच्या कोषाध्यक्षपदी त्यांच्या एम.कॉम.चे खरे चीज होईल.

विश्वस्तांनीही मुख्याध्यापकांच्या निवृत्तीची तारीख आजच वहीत मांडून ठेवावी. सात वर्षे आधी हेरलेला आपल्याच शाळेतील होतकरू शिक्षक ऐन वेळच्या धावपळीतून संस्थेला वाचवितो. ज्ञानपंचमीला ग्रंथांपुढे हात जोडणाऱ्यांनी ज्ञान देणाऱ्याची तयारीही तितक्याच आदराने पारखावी.